पलंग मोजणारी पट्टी

मी एक जुनी कापडी मोजपट्टी आहे. गुंडाळलं तर मुठीत मावते, उलगडलं तर दीड मीटर भरते. कारखान्यात माझ्या अंगावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पत्रा बसवला. मित्रांनो, माझ्या जातीच्या बहुतेक जणी कापड मोजतात. मी मात्र पलंग मोजले.

मी ज्या घरात राहते, तिथल्या आजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पन्नास सेंटिमीटरच्या खाली बसायचं नाही." तेव्हापासून सुट्टीतली जागा ठरवताना मान माझा. आई फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "पलंगाची उंची किती?" एका लॉजमालकाने तर विचारलं, "बाई, राहायला येताय की पलंग न्यायला?" घरात ते हसू आठवडाभर पुरलं. मुक्कामी पोचल्यावर बॅगांच्या आधी मी उघडायची. बाकी वर्षभर मात्र खणात, तुटक्या पेन्सिलींच्या शेजारी. अशी सात वर्षं गेली.

यंदा ठमीने, म्हणजे आजींच्या नातीने, जुन्या जपानी पद्धतीच्या सरायीचा हट्ट धरला. अशा सरायीला ऱ्योकान म्हणतात. गवती चटयांची जमीन, कागदाची सरकती दारं, बिनपायांच्या खुर्च्या आणि झोपायला जमिनीवर गादी. गादीची जाडी दहा सेंटिमीटर. आईने मला हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"तुम्ही जाऊन या. मी घर राखते," आजी म्हणाल्या.

"तुला सोडून कसली सुट्टी?" बाबा म्हणाले.

"माझ्यापायी पोरीचं मन मोडू नका." आवाज हसरा होता, पण त्या एकच टॉवेल तिसऱ्यांदा घडी करत होत्या.

ठमी रुसून मागच्या अंगणात गेली आणि धावतच परत आली. तिने मला उचललं ते थेट कुंड्यांपाशी. तिथल्या स्टुलाला मला लावलं. अडतीस!

"आजी, तू रोज यावर बसतेस?"

"बसते की. दोन वर्षं झाली. तण काय उभ्याने उपटू?"

"मग सांगितलं का नाहीस?" आईने विचारलं.

"मला विचारलंत कुठे? तुम्ही विचारता ते पलंगांना!"

आई ओशाळली. मीही. गावोगावचे पलंग मोजले, पण ज्यांच्यासाठी मोजले त्यांच्या गुडघ्यांकडे कुणी पुन्हा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आजींना पाच वेळा उठबस करायला लावली आणि म्हणाल्या, "चाळीस चालेल. जमिनीवर नको." आईने ऱ्योकानला फोन लावला. मालकीणबाई म्हणाल्या, एका खोलीत बुटका लाकडी पलंग आहे, गादीसकट बेचाळीस. ती खोली ठरली. ठमी आजींना अशी बिलगली की त्यांचा चष्माच वाकडा झाला.

मित्रांनो, आम्हा पट्ट्यांना जपा. कापड वापराने ताणतं, म्हणून वर्षातून एकदा आम्हाला पोलादी पट्टीशी ताडून पाहा. आणि घरातल्या माणसांविषयीचा एखादा आकडा पाठ झाला असेल, तर त्यावरही फार विसंबू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. माणसं आपणहून सांगत नाहीत. ती घर राखायला तयार होतात.