तिसरी हाक

कॉलेजातल्या आमच्या बाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात सरसाने बरबटलेले होते. माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे, आणि सरस लावलेली चौकट अर्ध्यावर सोडता येत नाही. माझ्याकडे कारागीर असलेल्या एका मुलीने फोन माझ्या कानाला लावून धरला.

"तिसरी वेळ आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

एवढंच. तू कशी आहेस, काम कसं चाललंय, काही नाही. मी चौकट तशीच टाकून हात धुतले. ती पुढे वाकडीच सुकली आणि तोडावी लागली, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

गाडीत बसण्याआधी मी भोंग्याला फोन केला. भोंगा म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. हिचा आवाज असा, की ही कुजबुजली तरी पलीकडच्या इमारतीत कळावं. आता ती भूल देणारी डॉक्टर आहे. एवढ्या आवाजाची बाई लोकांना झोपवून पोट भरते, हे मला अजून पटत नाही.

"बाईंचा फोन होता. तिसरी वेळ म्हणाल्या."

"कुणासाठी?"

"स्वतःसाठी."

"पोचलीस की लगेच कळव," भोंगा म्हणाली, आणि तेही हळू आवाजात. ही हळू बोलली की मला धडकी भरते.

ही तिसरी वेळ काय ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

माझ्या वडिलांनी मला मुलींच्या कॉलेजात घातलं ते मी शिकून मोठी व्हावी म्हणून नव्हे. मी त्यांच्या डोळ्याआड गेल्यावर कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून. मी बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी मुलामुलींच्या कॉलेजात निघाल्या होत्या, आणि मी मात्र कोंडवाड्यात चालले होते.

शाळेत आमचं कसं असायचं? बाक हलवायचे असले की मुलगे पुढे सरसावायचे. "बाजूला व्हा गं," म्हणायचे. आम्ही फुलदाणी उचलायचो. शाळा संपेपर्यंत मी फुलदाणीपेक्षा जड काही उचललं नाही, आणि त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

कॉलेजात गेल्या गेल्या ग्रंथालयाचं एक जुनं कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं निघालं. आम्ही सगळ्या त्या कपाटाभोवती उभ्या. कशाची वाट बघतोय ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण बघत होतो खऱ्या. तेवढ्यात बाई आल्या. बाई आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायच्या. अंगाने इतक्या बारीक, की आम्ही त्यांना टाचणी म्हणायचो. टोचायच्याही.

"कोण येणार आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"कोणी येणार नाहीये. आहोत त्या एवढ्याच. पहिल्यांदा आपण करून बघायचं. नाही जमलं तर डोकं चालवून दुसऱ्यांदा आपणच करून बघायचं. तरी नाही जमलं तर तिसऱ्यांदा हाक मारायची. मोठ्याने मारायची, आणि लाजायचं नाही."

पहिल्यांदा कपाट पायरीवरही चढलं नाही. दुसऱ्यांदा आम्ही त्याखाली दोर घातले, आणि ते जिन्याच्या वळणापर्यंत गेलं. तिथे घोडं अडलं. कपाटाचा खालचा कोपरा माझ्या खांद्यावर आला. वर असलेल्या पोरींना वाटलं, ही काही बोलत नाही म्हणजे हिचं बरं चाललंय. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. माझा चेहरा बाईंनी पाहिला आणि त्या स्वतःच येऊन कोपऱ्याखाली उभ्या राहिल्या.

"हाक का नाही मारलीस?"

"लाज वाटली."

"कपाट पडलं असतं तर त्याच्याखाली लाज सापडली असती की तू? मार आता."

कपाट तसंच धरून मी हाक मारली. "अगं ए."

"वर ऐकू नाही आलं."

मी परत मारली. बाई कपाटाखालून त्याच सुरात म्हणाल्या, "वर ऐकू नाही आलं."

तिसऱ्यांदा मी अशी ओरडले, की वरच्या पोरी तर आल्याच, पण फाटकावरच्या मावशीसुद्धा चप्पल न घालता धावत आल्या. कपाट वर गेलं. त्या दिवशी मी रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं.

त्या कॉलेजाने मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगते. तिथे उडालेला फ्यूज आम्हीच बसवायचो, नाटकातला राजा आम्हीच आणि त्याला दगा देणारा सेनापतीही आम्हीच, आणि निवडणुकीत हरणाऱ्याही आम्हीच. पुढे सरसावणारं दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे पुढे सरसावणं आमच्या अंगवळणी पडलं. भोंग्याला जन्मभर "हळू बोल" ऐकावं लागलं होतं. तिथे तिला कुणी तसं म्हटलं नाही, उलट गर्दीच्या कार्यक्रमांना तिला मुद्दाम बोलावून न्यायचे. आणि कपाटाखाली वाकून उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर त्याचा सांधा आला होता. दोन लाकडं एकमेकांत बोटं अडकवावीत तशी बसलेली, एक खिळा नाही. मी त्याआधी कुठल्याच कपाटाची खालची बाजू पाहिली नव्हती. माझा धंदा तिथूनच सुरू झाला.

बाईंनी मात्र कधी कुणाला हाक मारलेली आम्ही ऐकली नव्हती. निवृत्त झाल्या, एकट्या राहिल्या, गुडघे गेले, तरी नाही. म्हणून तर तो फोन ऐकून मी चौकट टाकून निघाले होते.

बाईंचं घर दुमजली आणि अरुंद. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, वर झोपायची खोली. मधला जिना उभा, आणि त्याला नको तिथे वळण. मी गेले तेव्हा बाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. कोपर काळंनिळं झालं होतं.

"पहिल्यांदा गादी खाली आणायला गेले," त्या म्हणाल्या. "खालीच झोपावं म्हटलं. ती वळणावर अडकली आणि मी तिच्यामागे. कशीबशी सुटले. दुसऱ्यांदा गादी वरच ठेवली आणि नुसती मी उतरत होते, तर पडले."

"मग हाक नाही मारलीत? शेजारी आहेत ना?"

"अंधार होता. कशाला कुणाला उठवायचं? उजाडेपर्यंत इथेच बसले."

मी कपाळाला हात लावला.

सकाळी त्यांचा भाचा आला तेव्हा त्या तशाच बसलेल्या. भाचा म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा, चष्म्यांचं दुकान चालवतो. त्यांच्यावर जीव आहे त्याचा. तो फार बोलला नाही. रविवारी गाडी घेऊन येतो, आता तू आमच्याकडे राहायचं, एवढं सांगून गेला. बाईंची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती.

"तो एकच विचारतो," बाई म्हणाल्या. "परत पडलीस तर ऐकणार कोण? त्याचं म्हणणं खोटं नाही. मला उत्तर सापडत नाही."

"तुम्हाला जायचंय का?"

"नाही."

बाईंची हनुवटी थरथरली. ज्या बाईने मला कपाटाखाली उभं करून ओरडायला लावलं, तिची. मला भरून आलं, आणि राग कुणाचा करावा ते कळेना, म्हणून मी जिन्याचा कठडा हलवून पाहिला. तो खिळखिळा होता. त्याच्यावर राग काढला.

उत्तर भोंग्याने आणलं. कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या मंडळात ती असते, आणि तिथे एकच रड चालली होती, की वसतिगृहात जागा नाही. पहिल्या वर्षाच्या दोन पोरी खोली शोधून दमल्या होत्या. बाई खाली आल्या की वरची खोली रिकामीच होणार होती.

"पोरींना माझं ओझं कशाला?" बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही तिसरी हाक मारलीत," भोंगा म्हणाली. "आता आलेल्यांना काम करू द्या."

रविवारी सकाळी आम्ही जमलो. मी, भोंगा आणि त्या दोन पोरी. एक उंच, एक कुरळ्या केसांची. मी कठडा पक्का केला होता, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता. राहिला होता तो पलंग. सागवानी, जाडजूड. भोंगा म्हणत होती, नवीन हलकी खाट आणू. पण अंधारात त्या पलंगाची कड चाचपत उठायची बाईंना सवय होती, आणि या वयात सवय मोडली की माणूस पडतं, हे त्याच डॉक्टरीणबाईंना मग कबूल करावं लागलं.

मी सांध्यांतल्या पाचरी ठोकून काढल्या आणि पलंग सुटा केला. तोवर कुरळीने दोन उश्या उचलल्या आणि ती दाराकडे निघाली.

"उश्या राहू देत," मी म्हटलं. "कोपरा धर."

तिने माझ्याकडे पाहिलं, उश्या ठेवल्या आणि कोपरा धरला. मला माझी फुलदाणी आठवली.

उशाकडची फळी पहिल्यांदा वळणावर अडकली. आम्ही ती परत वर नेऊन उभी करत होतो, तेवढ्यात दारात भाचा उभा राहिला. आम्हाला बघून त्याने बाह्या सरसावल्या. "थांबा, थांबा, बाजूला व्हा. मी घेतो."

"तूच बाजूला हो," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "त्यांचं अजून एकदाच झालंय."

दुसऱ्यांदा फळी उतरली. उंच मुलीने पाठीने भिंत धरली होती, आणि कुरळी खालून "सावकाश, माझं बोट" असं न लाजता ओरडत होती. हिला शिकवायला फार कष्ट पडणार नव्हते. पलंग खालच्या खोलीत जोडून झाला, त्यावर गादी पडली. भाच्याने दांडा ओढून पाहिला, कठडा हलवून पाहिला, पोरींची चौकशी केली. मग तो पलंगाच्या काठावर बसला.

"आत्या, या सगळ्यांनी खूप केलं. पण मी तुला ओळखतो. तू कुणाला हाक मारणार नाहीस. त्या दिवशी शेजारी भिंतीपलीकडे झोपले होते, आणि तू सकाळपर्यंत जिन्यात बसलीस. वर दोघी काय, दहा जणी राहिल्या तरी काय उपयोग?"

बाईंनी मान खाली घातली. खरं होतं ना ते.

"मग असं करू," तो म्हणाला. "त्यांना वर जाऊ दे, दार लावून घेऊ दे. तू इथे आडवी हो आणि हाक मार. त्या आल्या तर मी गाडी रिकामी परत नेतो. नाही आल्या तर तू माझ्याबरोबर यायचं, कुरकूर न करता."

"बरं," बाई म्हणाल्या.

भोंगा आणि पोरी वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. बाई पलंगावर आडव्या झाल्या. भाचा दारात, बाईंच्या पेटीशेजारी. मी पलंगाच्या पायथ्याशी.

"मुलींनो," बाई म्हणाल्या. वर्गात हजेरी घ्यावी तसं.

वर काही हललं नाही.

"मुलींनो, जरा येता का?"

काही नाही. भाच्याने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वाचत बसल्या असतील," त्या म्हणाल्या. "कशाला उगाच त्यांना..."

मग मीच बोलले.

"बाई, वर ऐकू नाही आलं."

त्यांनी एकदम मान वळवली. मला वाटलं, आता टाचणी टोचणार. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पलंगाची कड धरून त्या कोपरावर उठल्या, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

"अगं ए पोरींनो! या गं! मला तुमची गरज आहे!"

वरचं दार धाडकन उघडलं. जिना असा दणाणला, की मी मनातल्या मनात कठड्याला हात जोडले. पोरी आल्या, त्यांच्यामागे भोंगा आली, आणि पाठोपाठ शेजारच्या काकू, हाताला पीठ लागलेल्या, "काय झालं, काय झालं" करत आत घुसल्या.

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं. "बघत होते, कोण कोण येतं ते."

उंच मुलगी त्यांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही. मला कोंडवाड्यात टाकणारे माझे वडील आता नाहीत, असते तर मी त्या दिवशी त्यांच्या गळ्यात पडले असते.

भाच्याने डोळे पुसले, किल्ली खिशात टाकली आणि पेटी परत आत न्यायला तो वाकला. पेटीत बाईंची सगळी पुस्तकं होती. त्याने एकदा उचलून पाहिली. मग गुडघ्यांत वाकून परत उचलून पाहिली. ती जागची हलली नाही. त्याने हळूच मागे वळून पाहिलं. आम्ही सगळ्या त्याच्याकडेच बघत होतो, आणि बाई पलंगावर ताठ बसून वाट बघत होत्या.

"अहो," तो म्हणाला, "जरा हात लावता का कुणी?"