दगडाला कान

हातभर लांब लोखंडी सळई, एका टोकाला झिजून गुळगुळीत.

डोंगरावरच्या तळ्यात, माना पाण्याखाली, शेपट्या आभाळाकडे अशी दहा-बारा बदकं.

गुडघ्याचा पट्टा.

साहेबांनी दिलेले तीन दिवस. त्यातला आज तिसरा.

सळई प्लंबरबुवांची. चाळीस वर्षं ती भिंतीला टेकवून, दुसरं टोक कानाशी धरून त्यांनी लोकांच्या घरातली गळती शोधली. पट्टाही त्यांचाच. तो बांधून ते लेकीचं राखीव जंगल बघायला एवढ्या उंचावर आले, तर इथे जिकडेतिकडे गळतीच! कड्यातून पाणी, गवतातून पाणी, पायाखाली पाणी.

"एवढी गळती, आणि एकाची तक्रार नाही!" बुवा खूश.

वनरक्षक लेक हसली नाही. तळ्याच्या या काठाला पाणमांजराचं बीळ आहे, असं ती साहेबांना सांगून बसली होती. आज संध्याकाळपर्यंत ते दाखवता आलं नाही, तर उद्यापासून इथेच बोटींचा धक्का बांधायला घेणार होते.

"ठसे आहेत, माशांचे काटे आहेत. बीळ तेवढं सापडत नाही," ती दगडांच्या राशीकडे बघत म्हणाली. "आणि दगड हलवले तर ती पळतील."

"हलवतंय कोण? आम्ही काय भिंत दिसली की फोडतो?"

"बाबा, हे बाथरूम नाही."

"तेच बरंय. घरमालक डोक्यावर उभा नाही."

बुवा ओल्या गवतात आडवे झाले. सळई दगडाला, कान सळईला. नुसती झुळझुळ. दुसरा दगड. झुळझुळ. आठव्याला लेकीचा जीव टांगणीला लागला. बाराव्याला बुवांनी हात वर केला. पाण्याची सगळी बोलणी त्यांना पाठ होती. हे पाणी नव्हतं. चिवचिव, कुरकुर, मधेच कोणीतरी कोणावर खेकसलं.

"ये. घरात भांडणं चालू आहेत."

लेकीने कान लावला. "दोन... नाही, तीन पिल्लं! बाबा, तीन!"

लेकीचा फोन गेला तसे साहेब आले, इस्त्रीच्या कपड्यांनिशी चिखलात पालथे पडले आणि बराच वेळ उठेनात. तेवढ्यात तळ्यातून एक मिशाळ डोकं वर आलं, तोंडात मासा. त्या तीन आडव्या माणसांकडे बघून ते नाराज दिसलं.

"धक्का पलीकडच्या काठाला," साहेब कुजबुजले. "आणि अशी सळई कुठे मिळते हो?"

घरून निघताना प्लंबरीणबाईंनी ती पिशवीतून दोनदा काढून ठेवली होती.