शेवटच्या गड्याचे सात

"तर हीच ती घंटा," मी म्हणाले आणि सवयीनं घंटा आणि पाहुण्यांच्या मध्ये उभी राहिले. "सामना सुरू होण्याआधी मानाचे पाहुणे ही वाजवतात. बाकी कुणी हात लावायचा नाही."

"आणि मानाचे पाहुणे आलेच नाहीत तर?" टोपीवाल्या आजोबांनी विचारलं. मैदान दाखवायची फेरी सुरू झाल्यापासून ते मला असेच तिरके चेंडू टाकत होते.

"तर तुमच्यासारखं कुणीतरी पकडून आणतो."

सगळे हसले. मीही हसले, पण माझी नजर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होती. तिथं आमचा तीन मजली लाकडी धावफलक उभा आहे. त्याला इथं सगळे नुसतं बोर्ड म्हणतात. त्याच्या तळमजल्यावर माझी छकुली आकडे लावणाऱ्या बोर्डकाकांपाशी खेळत होती. पाळणाघराला सुट्टी असली की मी तिला कामावर घेऊन येते. दुसरा इलाज नाही. नवरा फिरतीवर, सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या म्हणतात, "तू पोर सांभाळत नाहीस गं, पहारा देतेस." देते. काय करू?

"बोर्ड अजून हातानं चालतो," मी पुढं सांगू लागले. "आत शिडीसारखा उभा जिना आहे. प्रत्येक मजल्यावर खिडक्या. खिडकीतून बाहेर वाकायचं आणि आकड्याची पत्र्याची पाटी हुकाला अडकवायची. ही घंटा वाजली की बोर्डावरची माणसं हातातलं टाकून खाली पळतात, कारण शून्यं तळमजल्यावर ठेवलेली असतात. सामना सुरू होताना सगळीकडे शून्यच लागतं ना!"

हा आमच्या घरचाही खेळ. मी वाटीवर चमचा वाजवला की छकुली असेल तिथून उठते, स्वयंपाकघरात पळते आणि ताटली डोक्यावर धरून येते. "शून्य आलं!" जेवायला बोलवायची याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

"आणि आत्ता बोर्डावर कुठला सामना दिसतोय?" कुणीतरी विचारलं.

"आपण एका धावेनं हरलो तो. या मैदानावरचा सगळ्यात गाजलेला. सामना नसेल तेव्हा तोच लावून ठेवतात. सगळ्यात वर, उजवीकडच्या खिडकीत शेवटच्या गड्याचे सात. आठवी धाव घेताना तो धावबाद झाला."

"हरलेला सामना मिरवणारे तुम्हीच!" आजोबा म्हणाले.

मी सगळ्यांना खेळाडूंच्या खोलीत नेलं. लाकडी बाकं, बर्फाच्या पाण्याचा टब, भिंतीवर शतकवीरांची नावं. मालिश करायच्या टेबलावर दोघांनी झोपून फोटो काढून घेतले. दहाएक मिनिटं मला बोर्ड दिसत नव्हता आणि ते मला बोचत होतं.

बाहेर पुन्हा घंटेपाशी आले तर पायऱ्यांखाली बोर्डकाका. हातात चहाचा कप.

"काका, छकुली?"

"छकुली?" ते हसले. "तुम्ही नेलीत ना? फाटकाजवळच्या दुकानातल्या ताई म्हणाल्या, आई पोरीला घेऊन आत गेली."

"ती दुसरी कुणाची तरी मुलगी. पाहुण्यांबरोबरची."

कप त्यांच्या हातात तिरका झाला. चहा बुटावर सांडला, तरी त्यांना कळलं नाही.

"बोर्डाचं दार?"

"नुसतं लोटलंय," ते पुटपुटले.

माझ्या डोळ्यांपुढं सगळं मैदान एकदम फिरलं. या जागेचा कोपरान् कोपरा मी लोकांना कौतुकानं दाखवते. आता तो प्रत्येक कोपरा अंगावर येत होता. पावसाचं पाणी ओढून घेणारा पंपाचा खड्डा, त्याचं झाकण हलतं. खेळपट्टीवर फिरणारा लोखंडी रूळ. सरावाच्या जाळ्या, तिथं यंत्र चेंडू फेकत होतं. रूळ उभा होता. झाकण जागेवर होतं. जाळीत पोरं खेळत होती, त्यांच्यात ती नव्हती.

मग मी बोर्डाकडे पाहिलं.

सगळ्यात वर, उजवीकडच्या खिडकीत शेवटच्या गड्याचे चार झाले होते.

पाटी एकाच हुकावर तिरकी लोंबत होती. तिच्यामागून पिवळी बाही बाहेर आली. दुसरा हुक सापडत नव्हता म्हणून ती बाही आणखी बाहेर आली, मग खांदा, मग दोन वेण्या.

"छकु—" काकांनी तोंड उघडलं. मी त्यांचा दंड इतक्या जोरात धरला की ते कळवळले.

"हाक मारू नका! मी दिसले की ती दोन्ही हात हलवते. नेहमी."

आणि दोन्ही हात सोडले तर तिला धरायला काही नव्हतं. खाली सिमेंट.

"मी पळतो," काका म्हणाले.

"पळा. कडेकडेनं. तिला दिसू नका."

ते निघाले, पण त्यांचं वय साठीला आलेलं आणि मैदान केवढं! पिवळा फ्रॉक आता कमरेपर्यंत बाहेर होता.

मी वळले आणि घंटेची दोरी ओढली.

एकदा. पुन्हा. पुन्हा. कबुतरं उडाली. पाहुणे जिथल्या तिथं थबकले. आतून मॅनेजर ओरडले, "कोण आहे ते?"

वेण्या थांबल्या. डोकं वर झालं. आता इकडे बघेल, मला ओळखेल, हात हलवेल. मी घंटेच्या खांबाआड सरकले आणि दोरी ओढतच राहिले. वाटी वाजतेय बाळा. ताटली आण. पळ.

पिवळा फ्रॉक दिसेनासा झाला.

आत गेली की... मी बोर्डाच्या पायथ्याशी पाहिलं. सिमेंटवर काही नव्हतं. पण जिना होता. तो उभा जिना, घाईत उतरणारी ती. मी दोरी सोडली आणि धावले. सरळ. दोरखंड लावून जपलेल्या खेळपट्टीवरून, चपला हातात घेऊन. माळी रुळावरून ओरडत राहिला. मधल्या मजल्याच्या खिडक्या रिकाम्या. काका दारापाशी पोचत होते. तळमजल्याची खिडकी रिकामी. रिकामी. रिकामी.

मग तिथं एक शून्य आलं. थरथरत, दोन्ही बाजूंना चार-चार इवली बोटं.

"शून्य आलं!"

मी तिला खिडकीतूनच ओढून घेतलं. पत्रा माझ्या कपाळावर आपटला.

"आई, तू गवतावरून धावलीस! माळीकाका रागावतील."

"वर कशाला गेलीस तू? कशाला?"

"सात तर रोजच असतात. मी चार वर्षांची झाले ना?"

काका दाराच्या उंबऱ्यावरच बसले होते, चेहरा ओंजळीत. मॅनेजर धापा टाकत आले, मागून सगळे पाहुणे.

"घंटा कुणी वाजवली? सामना नाही, काही नाही!"

टोपीवाले आजोबा पुढं झाले.

"मी. मानाचा पाहुणा. या बाईंनीच मघाशी पकडून आणलं मला."

मॅनेजरनी माझ्या कपाळावरच्या रक्ताकडे पाहिलं, मग वर लोंबणाऱ्या पाटीकडे, आणि पुढचं गिळलं.

"ताई," काका अडखळत म्हणाले, "तो चार राहू देऊ का आजच्या दिवस? तिनं लावलाय म्हणून..."

"उतरवा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आणि खिडकी आतून बंद करा."

ते वर गेले. सात परत दिसू लागले, खिडकीची फळी लागल्याचा आवाज आला, मग ते खाली उतरून दाराला कुलूप घालेपर्यंत मी छकुलीला कडेवरून खाली ठेवलं नाही. ती मात्र हातातलं शून्य सोडत नव्हती.