गुलाबी दाखवायचं माझं काम

मी एक पांढरी टाईल बोलतेय. बुलढाण्यातल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये, तिसऱ्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझं मूळ विचाराल तर ते बाथरूमचं. लॅब सांभाळणाऱ्या जानरावांनी घर बांधलं, तेव्हा उरलेल्या आम्ही दहाबारा जणी पिशवीत बसून इथं आलो. बाकीच्या बहिणी तिकडे साबणाचं पाणी पितात आणि मी विद्येच्या घरी आले, याचा मला थोडा माज आहे.

माझं काम साधं. वर ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी. तिच्यातून थेंब थेंब अल्कली खालच्या फ्लास्कमध्ये पडते. फ्लास्कमध्ये आम्ल असतं आणि रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. आम्ल संपलं की पाण्यासारखं दिसणारं द्रावण एका थेंबात फिकट गुलाबी होतं. तिथंच तोटी बंद करायची आणि ब्युरेटवरचा आकडा लिहायचा. तो गुलाबी उठून दिसावा म्हणून फ्लास्कखाली मी.

बी.एस्सी.ची पोरं पहिल्या दिवशी धुराची, स्फोटाची आशा धरून येतात. सुचिता मॅडम पहिल्याच तासाला सांगून टाकतात, "ॲनालिटिकल म्हणजे भांडी घासणं आणि वाट पाहणं." खोटं नाही ते. आधी सगळी काच धुवा, ब्युरेट भरा, आकड्याच्या बरोबर समोर डोळा आणा. तोच प्रयोग तीनदा करा आणि तिन्ही आकडे जुळले तरच तो खरा धरा. पोरांची तोंडं उतरतात. मग ती आपली वाट काढतात. एकानं करायचं, बाकीच्यांनी आकडा टिपायचा, आणि चोरी कळू नये म्हणून त्यात पॉइंट एकची भर घालायची. मी खालून सगळं पाहते, पण मला विचारतंय कोण?

या घोळक्यात प्रसेनजित वेगळा होता. अमडापूरहून रोज एसटीनं यायचा. काच घासण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. मलासुद्धा तो दोन्ही बाजूंनी पुसायचा, आणि खालची बाजू पुसणारा तो एकटाच. एम.एस्सी. करून औषधाच्या कंपनीत केमिस्ट व्हायचं, हे त्यानं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं.

त्याची जोडीदार काजल. तोटी त्याच्या हातात आणि नजर हिची. काजल "बस!" म्हणाली की तो तोटी बंद करायचा. प्रत्येक जोडी अशीच काम वाटून घेते, असं त्याला वाटायचं.

एकदा ती वैतागून म्हणाली, "गुलाबी झालं न बे कवाचं! तुले दिसत नाही का?"

"तू हायेस न पाहाले," तो म्हणाला. दोघं हसले. मलाही गंमत वाटली. आज त्या गमतीची लाज वाटते.

मग तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. प्रत्येकाला वेगळं टेबल, प्रत्येकाची आम्लाची बाटली वेगळी. प्रसेनजित माझ्याच टेबलावर राहिला, काजल पार खिडकीपाशी गेली. बाहेरून आलेले परीक्षक सर खुर्चीत बसले होते.

प्रसेनजितनं तोटी उघडली. थेंब पडला, आणखी एक पडला, आणि फ्लास्क गुलाबी झाला. मी माझा सगळा पांढरेपणा पणाला लावला. थांब रे लेकरा, झालं! तो माझ्याकडे रोखून पाहत होता आणि तोटी चालूच होती. शेवटी दर वेळी त्यानं ती अंदाजानंच बंद केली. पहिला आकडा साडेबारा, दुसरा चौदा, तिसरा अकराच्या खाली. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

सुचिता मॅडमनी वही पाहिली. तुझे आकडे कधी असे येत नाहीत, म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फ्लास्क उचलून पुन्हा माझ्यावर ठेवला.

"प्रसेनजित, याचा रंग सांग."

"पाण्यावानीच हाये मॅडम. अजून झालंच नाही."

फ्लास्क गुलाबी होता. मॅडम परीक्षकांपाशी गेल्या. सर भले होते. म्हणाले, "पीएच मीटरवर करू द्या. त्यात आकडा दिसतो, रंग लागत नाही."

पीएच मीटर होतं. कॉलेज तपासायला कमिटी यायची तेव्हा ते टेबलावर मांडलं जायचं, एरवी कुलपात. जानरावांनी कपाट उघडलं, मशीन लावलं. द्रावणात बुडवायचा त्याचा काचेचा इलेक्ट्रोड कोरडा ठेवून ठेवून वाळून गेला होता. आकडा एका जागी ठरेना. जानराव त्याला पाण्यात बुडवून उभे राहिले आणि वेळ संपली.

"पास होशील तू," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण कंपनीत या कामाला घेताना रंगाची नजर तपासतात रे."

"मले तीन वर्षांत कोणी इचारलं काऊन नाही मॅडम?"

मॅडमनी त्याची वही मिटली. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते काय कामाचं?

सगळे गेल्यावर काजलनं माझ्यावर दोन फ्लास्क ठेवले, एक गुलाबी, एक साधा. जागा बदलून बदलून ती विचारत राहिली आणि तो बोट दाखवत राहिला. सहापैकी तीन बरोबर आले.

"एवढे तं चिठ्ठ्या टाकूनबी येतात," तो म्हणाला. "गुलाबी कसा असते वं, काजल?"

"लालावानी. पन पानी टाकल्यावर..." तिला पुढं सांगता येईना. तिचे डोळे भरून आले.

मास्तरांनो, मॅडमहो, मी बाथरूमची टाईल, माझं ऐकाल का? पहिल्याच दिवशी माझ्यावर एक गुलाबी फ्लास्क ठेवा आणि एकेका पोराला जवळ बोलवा. आकडा नंतर विचारा. आधी विचारा, बाळा, तुला काय दिसतं? मी दाखवायचं काम करते. कोणाला दिसलं नाही, हे मला ओरडून सांगता येत नाही.

प्रसेनजितनं दोन्ही फ्लास्क धुतले. मग मला पुसलं, नेहमीसारखं दोन्हीकडून, आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"काजल, हिच्यावर काही राह्यलं का?"

माझ्या कोपऱ्यात एक गुलाबी थेंब तसाच होता.

"नाही," काजल म्हणाली.