वाणीगुरूंची पाटी

"आजपासून या शाळेत मुकेपणा उरला नाही!" मुख्याध्यापकांनी गर्जना केली आणि माइक बंद पडला. पुढची गर्जना फक्त पहिल्या रांगेला ऐकू आली, टाळ्या मात्र सगळ्या सभागृहानं वाजवल्या.

व्यासपीठावर चिमणी बसली होती. नऊ वर्षांची, तोंडातून अजून एकही शब्द न फुटलेली. शेजारी पांढऱ्याशुभ्र कोटातले वाणीगुरू. त्यांच्या एका हातात मुळाक्षरांची पाटी, दुसऱ्यात चिमणीचं मनगट.

"मी काही करत नाही हो. मी फक्त धीर देतो. बोलतो तो तिचा आत्मा!"

चिमणीचं बोट अक्षरांवरून भराभर पळालं. गुरूंनी वाचून दाखवलं, "अखिल विश्व माझे कुटुंब आहे."

कुणीतरी डोळे पुसले. चिमणीची आई मात्र दातओठ खात होती. लेक वर पंख्याकडे बघत होती, बोट खाली अचूक अक्षरं गाठत होतं, आणि मोकळा हात गुडघ्यावर टकटक करत होता.

"अहो, ती पाटीकडे बघतसुद्धा नाहीये!"

"आणि 'अखिल'?" बाप पुटपुटला. "आपल्या घरात अखिल म्हणतं कोण?"

वाचा-शिक्षिकेचा रोजचा तास मिळावा म्हणून दोघांनी शाळेचे उंबरे झिजवले होते. तास कसाबसा मिळाला, चिमणी एक खूण शिकली, आणि तेवढ्यात हा चमत्कार उपटला. आज दारातच मुख्याध्यापक गोड हसून म्हणाले होते, "इतकं छान बोलते, आता तास कशाला?"

आई उठली. "सर, लेकीला बाहेर नेऊन एक वस्तू दाखवते. काय पाहिलं ते तिनं पाटीवर सांगावं. गुरुजी इथेच थांबतील."

"ताई, परीक्षेनं आत्मा कोमेजतो."

"विश्वाबद्दल बोलताना टवटवीत होता की!" बाप म्हणाला. लोक हसले, तसा गुरूंचा नाइलाज झाला.

व्हरांड्यात आईनं आधी बाथरूमचं दार ढकलून पाहिलं, कुलूप होतं. मग पर्समधून वस्तू काढली. चिमणीनं ती मनसोक्त उघडझाप करून पाहिली. आईनं ती परत पर्समध्ये टाकली. दोघी आत आल्या. गुरूंनी पुन्हा मनगट धरलं. पाटीवर उमटलं, "आईची माया".

टाळ्यांचा कडकडाट! आईनं पर्समधून कपडे वाळत घालायचा चिमटा काढून वर धरला. कडकडाट विरत विरत एका हातावर आला.

"माया हे प्रतीक आहे," गुरू म्हणाले.

"मग आता फक्त डोळे झाका," आई म्हणाली. "तुमचे, तिचे नाही."

बापानं गुरूंच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पाटीवर उमटलं, "ठझघढळ".

"आत्मा बोबडा झाला," बाप म्हणाला.

आईचा आवाज चढला. "बोट लेकीचं, पण वाट यांची! यांना जे ठाऊक तेच उमटतं. कदाचित यांचं यांनाही कळत नसेल. पण टाळी वाजवण्याआधी विचारा तरी, मनगट धरणाऱ्याला उत्तर माहीत नसलं तर काय होतं? तुम्ही तिला आवाज दिला नाहीत, तिच्या तोंडी स्वतःचा कोंबलात!"

"तासाचं बघू," मुख्याध्यापक माइकशी झटापट करत म्हणाले, "पुढच्या बैठकीत..."

"बघायचं काही नाही, तास चालू ठेवायचा. तिथेच ती ही खूण शिकली. कार्यक्रम सुरू झाल्यापासून बोलतेय पोर, आणि तुम्ही पाटी वाचताय!"

मनगट सुटलेली चिमणी आता दोन्ही हातांनी गुडघे ठोकत होती.

"काय म्हणतेय?" मुख्याध्यापकांनी घाईघाईनं माइक आईपुढे धरला, आणि तो नेमका तेव्हाच सुरू झाला.

"शू लागलीय," सभागृहभर घुमलं. "बाथरूमची किल्ली द्या."