रिमोटचं घुंगरू

“ह्याला गळा कुठं हाय, आई?” समाधाननं रिमोट उलटासुलटा करून विचारलं.

“नसंल गळा तर पाड भोक. घुंगरू बांधायचं म्हंजे बांधायचं,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच दाभणाचं टोक गॅसवर धरून लाल केलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कुसाबाई. मखमलाबाद रोडला आमचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा आहे. मळा बघतात ते माझे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि माझा नवरा समाधान. आत्याबाई ओट्यावर बसून हार ओवायच्या आणि मी घरातलं उरकून त्यांच्या हाताखाली बसायचे. दोन हजार दोनच्या दसऱ्याला झेंडूनं हात दिला आणि जुना बटणांचा टीव्ही जाऊन रंगीत, रिमोटवाला टीव्ही घरात आला. आला त्याच आठवड्यापासून रिमोट हरवायला लागला. एकदा पिठाच्या डब्यामागं सापडला. एकदा नानांच्या धोतराच्या घडीत. एकदा तर झेंडूच्या क्रेटमध्ये बसून पहाटे फूलबाजारात जाऊन आला. गिऱ्हाइकानं फुलं उपसली तेव्हा समाधानला दिसला. प्रत्येक वेळी आत्याबाई आधी माझ्याकडं बघायच्या.

घुंगरू करडाच्या गळ्यातलं होतं. पितळी, बोराएवढं. करडू मोठं झालं तेव्हा काढून खुंटीला अडकवलेलं. समाधाननं रिमोटच्या कोपऱ्याला भोक पाडून ते लाल दोऱ्यानं बांधलं आणि हलवून दाखवलं. किणकिण आवाज आला.

माझ्या मनात एक शंका आली आणि मला ती गिळता आली नाही. “पण आत्याबाई, हरवलेला रिमोट काय आपणहून हलणार हाय का? आन् हलला नाय तर वाजंल कसा?”

माझं म्हणणं बिनतोड होतं, असं मला आजही वाटतं. पण तिघांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू रिमोट माझ्या कमरेलाच खोचलेला आहे.

“वस्तू हरवत नसती, दीपमाला,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “कोणीतरी ठेवतं तिला.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. करडाचं घुंगरू रिमोटला बांधलं होतं, पण ते होतं माझ्यासाठी.

आता, आत्याबाईंचा संशय माझ्यापुरताच होता असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा वाण्याच्या तागडीवर संशय होता, देवळातल्या पुजाऱ्यानं नारळाचा मोठा भाग ठेवला यावर संशय होता, आणि रेडिओवर वेळ सांगणारा माणूस मुद्दाम दोन मिनिटं पुढची वेळ सांगतो असंही त्या म्हणायच्या. पण वाणी, पुजारी आणि रेडिओवाला संध्याकाळी घरी येत नव्हते. मी चोवीस तास हाताशी होते.

आणि हे सगळं राज्य त्यांनी कानांवर चालवलं होतं. ओट्यावर घराकडं पाठ करून बसलेल्या असल्या तरी दूध वर येण्याआधी त्यांची हाक यायची. चपलेच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायच्या, आणि तो माणूस रागात आहे की भुकेला आहे हेही. मी पिंपळगाव बसवंतहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाहेरून विचारलं होतं, “गुळाचा डबा का उघडला?” मी तेव्हापासून डबे श्वास रोखून उघडत आले.

दिवाळीत माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते सांगण्यासारखं नाही; सांडग्यांवरून झालं. समाधान मधे पडला नाही, पण रात्री एवढंच म्हणाला, “आणखी एकदा आईनं तुझी तक्रार केली ना, तर पिंपळगावला सोडून येईन. आन् मग आणायला येणार नाय.” तो बोललेलं करतो. माझे आईवडील गेलेले, भाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला, दोन खोल्यांत त्याची पाच माणसं. मला तिथं पथारी टाकायलाही जागा नव्हती आणि हे समाधानला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी या घरात जपून पाऊल टाकायला लागले.

घुंगरानं आपलं काम चोख केलं. मी रिमोट नुसता पुसायला उचलला तरी ओट्यावरून आवाज यायचा, “बातम्यांना वेळ हाय अजून!” नानांनी कुशीवर वळताना ढकलला तरी, “कोण हाय तिथं?” सगळ्या घराला किणकिणीची धास्ती बसली. आणि खरं सांगायचं तर मी एक चोरी शिकले. दुपारी पाककृतींचा एक कार्यक्रम लागायचा. मी घुंगरू मुठीत गच्च धरून रिमोट उचलायचे, आवाज अगदी बारीक ठेवायचे आणि अर्धा तास उभ्या उभ्या बघायचे. चार-पाच वेळाच. पण केलं होतं, म्हणून आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं की माझे कान गरम व्हायचे.

पुढच्या वर्षभरात आत्याबाईंचा संशय वाढतच गेला. दूधवाला सायकलची घंटी वाजवत नाही, गुपचूप येऊन माप मारतो. समाधाननं फाटकाच्या कडीला तेल घातलंय, उशिरा आलेलं कळू नये म्हणून. मी कुकरची शिट्टी होऊ देत नाही, गॅस आधीच बंद करते, म्हणून डाळ कच्ची राहते. दूधवाल्यानं देवाची शपथ घेतली. समाधाननं तेलाची बाटलीच आणून दाखवली, सील न फोडलेली. मी काहीच दाखवलं नाही. शिजलेली डाळ दाखवून कोणाचं समाधान झालंय? मला वाटायचं, या बाईला आता घालून पाडून बोलायला कारणंसुद्धा पुरेनाशी झालीत, म्हणून नवी काढतात. त्यापलीकडं माझी अक्कल गेली नाही.

मे महिन्यातला गुरुवार होता. लग्नसराई, त्यामुळं हारांची घाई. आत्याबाई दारातच पाठमोऱ्या बसल्या होत्या, माझ्यापासून चार हातांवर. मी त्यांना सांगायला म्हणून मोठ्यानं म्हटलं, “टीव्ही लावते हो, बातम्यांची वेळ झाली,” आणि रिमोट टेबलावरून उचलला. मूठ नाही, काही नाही. चांगला खणखणीत वाजला.

टीव्हीवरचा माणूस जाड आवाजात बोलायला लागला तशा आत्याबाई गर्रकन वळल्या. “टीव्ही कोणी लावला?”

“मी. सांगितलं की तुम्हाला.”

“काय सांगितलं? आन् वाजलं कसं नाय?”

“वाजलं की.”

“वाजलं नाय!” त्या उठून आल्या आणि रिमोट माझ्या हातातून हिसकला. “कापूस कोंबला तू ह्याच्यात. मला म्हातारीला फसवती. अहो! समाधान! या इकडं, बघा हिची करणी!”

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? ही बाई नाटक करतेय. मला पिंपळगावला घालवायला तिनं हे शोधून काढलंय. आवाज झालेला मी ऐकला होता, भिंतींनी ऐकला होता, आणि ही म्हणते वाजलं नाही.

नाना आणि समाधान मळ्यातून आले, चिखलाच्या पायांनी. आत्याबाईंनी हार ओवायची सुई घेतली आणि घुंगराच्या फटीत घालून फिरवली. आतून थोडी माती निघाली. परत फिरवली. घुंगरू उजेडाकडं धरून एक डोळा मिटून आत पाहिलं. कापूस नव्हता. मग त्यांनी ते हलवलं, आणि थांबल्या. उजव्या कानाशी नेऊन हलवलं. डाव्या कानाशी नेऊन हलवलं. घरभर किणकिण झाली.

“वाजतंय ना, आई,” समाधान म्हणाला.

“वाजतंय,” नाना म्हणाले.

आत्याबाईंनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “तुम्ही तिघं एक झालाय,” त्या म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. घुंगरू अजून कानाशीच होतं. आठ वर्षं मी तो चेहरा बघत होते आणि त्यावर संशय नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. आता तो नव्हता. त्याच्या जागी नुसती भीती होती, लहान मुलाला जत्रेत हात सुटल्यावर वाटते तशी. मला त्या बाईची दया आली. आणि हे नाटक नाही हेही मला त्याच वेळी कळलं.

“मीच घातला होता बोळा,” मी म्हणाले. “तुम्ही उठून येईस्तोवर काढून फेकला.”

का म्हणाले? विचार करून म्हणाले असते तर म्हणालेच नसते. जीभ पुढं गेली आणि मी मागं राहिले.

समाधान एकदम पेटला. “लाज नाय वाटत? आईला बहिरी ठरवायला निघाली तू? आमच्या तोंडावर?” तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. “दिवाळीत काय सांगितलं होतं? सांगितलं होतं का नाय?” तो आत गेला आणि माळ्यावरची माझी बॅग ओढून खाली आणली. दोन साड्या हाताला लागल्या त्या त्यानं तशाच कोंबल्या. नाना “अरे, अरे” म्हणत राहिले. नानांचं “अरे, अरे” या घरात कोणी कधी मनावर घेतलेलं नाही.

आत्याबाई माझ्याजवळ आल्या. इतक्या जवळ, की झेंडूचा कडवट वास आला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, “काय पाहिजे तुला?”

“कशाचं काय?”

“फुकट कोण कोणासाठी घरातून जातं? काय पाहिजे ते सांग.”

त्याही वेळी संशय! मला रडू यायचं ते हसू आलं. आणि हसता हसता रडू आलं. “काय नको आत्याबाई,” मी म्हणाले, ओठ नीट हलवून, सावकाश. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. किती दिवसांपासून त्या असं तोंडाकडं बघत होत्या कोण जाणे; मी तर ते डोळे वटारणं समजत आले होते.

समाधान बॅग घेऊन दारापाशी पोचला होता. “चल. गाडी काढतो.”

“ठेव ती बॅग,” आत्याबाई म्हणाल्या.

“आई, तू मधे पडू नको. आज हिचं...”

“ठेव म्हणते ना! तिनं काय घातलं नव्हतं. मी सुई घालून बघितलं. माती निघाली नुसती.”

“मग ती स्वतःच म्हणाली ते?”

“ते तिचं तिला ठाऊक.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी घेतलेला आळ कधी मागं घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि तो मागं घेताना त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. “ते वाजलं. आन् मला ऐकू नाय आलं.”

समाधाननं बॅग खाली ठेवली, पण तिचा बंद सोडला नाही. टीव्हीवरचा माणूस कुठल्यातरी धरणातलं पाणी किती टक्के उरलं ते सांगत होता. मी जाऊन टीव्ही बंद केला, बटणानं.

आत्याबाई ओट्यावर परत टोपलीशी जाऊन बसल्या. नाना त्यांच्या शेजारी बसले, चिखलाचे पाय बाहेर सोडून. त्यांनी टोपलीतलं एक फूल उचललं, पण ओवलं नाही. मग म्हणाल्या, “खरं सांगा. रातकिडं हायेत का मळ्यात अजून?”

“हायेत की,” नाना म्हणाले. “रोज असत्यात.”

“मला वाटलं, तुम्ही औषध मारून मारून घालवलं त्यांना.”

“नाय. हायेत.”

“लय?”

“लय,” नाना म्हणाले. ते जरा मोठ्यानं म्हणाले.