पहिल्या फेरीला घरची लेक

"भोक एकीकडे, बोल्ट दुसरीकडे. कारखान्यात आंधळे बसवलेत काय!"

हे पुटपुटणं मोटारीच्या खालून आलं. मोटारीखाली आमचे हे होते, म्हणजे खैरुद्दीन. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, लिहिताना चालतं. मी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर सुरमई साफ करत बसले होते, कारण दुबईच्या देरा भागातल्या आमच्या अंगणात जेवढी म्हणून सावली पडते तेवढी त्या मोटारीने घेतली होती. उरलेल्या पट्टीत मी, विळी आणि मांजर.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"मग आंधळं कोण?"

"तू तुझे मासे बघ, जुलेखा."

रमजानच्या आधीपासून आमच्याकडे हेच चाललं होतं. मोटारीच्या खालून शिव्या, वर आले की सगळं ठीक.

मोटार आली तेव्हा ती मोटार नव्हती, दोन मोठी खोकी होती. बँकेतल्या हॅलमसाहेबाने विलायतेहून सुट्या भागांची स्पोर्ट्स कार मागवली होती. नळ्यांचा सांगाडा, वर फायबरचं कवच, आणि इंजिन आपलं आपण कुठल्यातरी जुन्या गाडीतलं शोधून मागच्या बाजूला घालायचं. तिकडे म्हणे चांगले शिकलेसवरलेले लोक सुट्टीच्या दिवशी घरी बसून अशा गाड्या जोडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच घेऊन रस्त्यावर जातात. कुणी अडवत नाही. खोकी उघडायच्या आतच साहेबाची बदली झाली. त्याची लाँच एकदा भर समुद्रात बंद पडली होती ती आमच्या यांनी चालू करून आणली होती, त्या उपकारापोटी तो दोन्ही खोकी आमच्या दारात ठेवून गेला. बिस्किटांचा डबा ठेवून गेला असता तर मी त्याला दुवा दिली असती.

यांचं घराणं रत्नागिरीकडचं, जयगडचं, पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधणारं. हे स्वतः दुबईच्या खाडीवर लाँचची इंजिनं दुरुस्त करतात. इंजिन कळतं, लाकूड कळतं. मोटार कळत नाही असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खोक्यात सीटबेल्ट निघाले तेव्हा आमचा जावई तिथेच होता. यूनुस हा माझ्या नणंदेचा मुलगा, शिपिंग ऑफिसात कारकून. माझ्या शहनाझशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पोरगा इतका सभ्य की चहाने जीभ पोळली तरी "मामी, फर्स्टक्लास" म्हणतो.

"मामू, हे बेल्ट सीटला लावायचे असतात," तो म्हणाला.

"माहीत आहे. नाही लावायचे."

"ऑफिसातले साहेब म्हणतात, सेफ्टी के लिए..."

"यूनुस, आपल्यातला कुठला तांडेल स्वतःला होडीला बांधून घेतो? होडी उलटली तर माणूस सुटा हवा. बांधलेला माणूस तिच्याबरोबर तळाला जातो."

"पण मामू, ही तर रस्त्यावर..."

"उलटायचं ते कुठेही उलटतं. पाणी काय नि रस्ता काय!"

"हां मामू, ते पण बरोबर," यूनुस म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

बेल्ट मात्र उत्तम होते, घट्ट विणीचे. एकाने यांनी गच्चीवरचं पाण्याचं पिंप आवळून टाकलं. दुसरा अजीजने बकरीसाठी नेला. अजीज म्हणजे यांच्या हाताखालचा माणूस, गाववालाच, मला भाभी म्हणतो. थोडक्यात, आमचं पिंप आणि अजीजची बकरी आता पूर्ण सुरक्षित होती.

मग अजीजचं ते झालं. मोटार पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी यांनी मोठ्या मनाने त्यालाच स्टिअरिंगवर बसवलं. गल्लीतून माणूस घाईने चालतो तेवढीच काय ती गती. अजीजने ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबलं आणि मोटार शेजारच्या ताजबीच्या भिंतीवर गेली. भिंत जुनी, समुद्रातल्या दगडाची. तिला काही झालं नाही. मोटारीचं नाक असं फुटलं की आत काय आहे ते सगळ्यांना दिसलं, आणि आत काहीच नव्हतं. अजीजच्या गुडघ्यांपुढे दोन बारक्या नळ्या, त्याही वाकलेल्या. आणि स्टिअरिंगचा लोखंडी दांडा, पुढून थेट मागे आलेला, चाकासकट त्याच्या छातीवर दाबून बसलेला. अजीज तसाच बसून. तोंड उघडं, पण त्यातून श्वास काही बाहेर येईना.

"लागलं का रे?" हे धावले.

"नाय, नाय भाई," तो कसाबसा म्हणाला. "खलास, झालं ते झालं. उठतोय ना."

तेव्हापासून अजीज हसला की छातीला हात धरतो. विचारलं तर म्हणतो, गार वारा लागलाय, भाभी. दुबईत, जूनमध्ये!

आता होडीचं नाक ठोकलं गेलं तर काय करतात? फुटकी फळी काढून नवी बसवायची, फटींत कापूस ठोकायचा, वरून तेल लावायचं. होडी पुन्हा नवी. एकदा धक्का खाऊन तरलेली होडी उलट जास्त भरवशाची, असं माझे सासरे म्हणत. यांनी तेच केलं. फुटक्या जागी फायबरचं कापड थरावर थर, त्यावर चिकट औषध, त्यावर घासकाम, त्यावर लाल रंग. आतल्या नळ्या हातोडीने सरळ केल्या. त्या औषधाचा वास आमच्या भाकरीलासुद्धा येत होता. पण नाक काय बसलं म्हणून सांगू, पहिल्यापेक्षा देखणं.

"माशाल्ला," ताजबी भिंतीवरून म्हणाली, "ठोकली होती ते कळतसुद्धा नाही."

माझं दुखणं नेमकं तेच होतं. कळत नव्हतं.

तरी मी बोलले नाही. इतर वेळी मी मिठाच्या कणावरून तासभर बोलू शकते. पण संध्याकाळी हात पुसून हे त्या मोटारीसमोर उभे राहात, मान जरा वाकडी करून, ओठ मिटून. आणि मला जयगडच्या किनाऱ्यावर वडिलांच्या हाताखाली रंधा मारणारा मुलगा दिसायचा. होडी त्यांना कधी पुरी बांधायला मिळाली नाही. वडील गेले, धंदा बसला, पोटासाठी हे इथे येऊन लोकांची इंजिनं उघडत राहिले. आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने बांधलेली ही एकच वस्तू. मी हिय्या करून तोंड उघडायचे आणि त्यातून बाहेर पडायचं, "चहा टाकू का?"

गुरुवारी जेवताना यांनी जाहीर केलं. मोटार मुलांना दिली. उद्या जुम्म्यानंतर शहनाझ आणि यूनुस तिच्यातून शारजाला नणंदेकडे जातील, नव्या डांबरी रस्त्याने. "पहिली फेरी घरच्या लेकीची," हे म्हणाले आणि सुरमईचा तुकडा उचलून यूनुसच्या ताटात घातला.

हे यांच्या घराण्यातलं आहे. होडी पाण्यात घातली की बांधणाऱ्याने पहिल्या फेरीला स्वतःची लेक बसवायची. लेक नसेल तर बहीण. तिची फेरी झाल्यावर मग गिऱ्हाईक पाय ठेवणार. माझी नणंद जहांआरा लहानपणी वडिलांच्या प्रत्येक होडीत उलट्या करत बसलेली आहे. आणि ज्याने लेक बसवली नाही, त्याला कुणी काही विचारत नाही. विचारायची गरजच राहात नाही. अख्खा गाव समजून जातो.

जेवणं झाल्यावर मी यूनुसला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"तू नाही म्हण."

"मी कसा म्हणू मामी? मामू आहेत. आता सासरे पण आहेत."

"भीती वाटते ना तुला?"

"थोडी."

"थोडी?"

"बरीच." मग घाईघाईने, "पण मामी, कलर फर्स्टक्लास बसलाय हं."

अजीज हात धूत होता. त्याला म्हटलं, "तू सांग यांना. तुझं काय झालं ते तुला माहीत आहे."

"भाभी, गाडी मी ठोकली. मी कुठल्या तोंडाने बोलू? भाई म्हणतील, स्वतःला चालवता येत नाही आणि गाडीला नावं ठेवतो."

शहनाझला म्हटलं तर ती माझ्याकडेच बघत राहिली. "अम्मा, त्यांच्याबरोबर इतकी वर्षं तू राहतेस. तू सांग ना."

असा आमचा खोखो चालला होता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता आणि उठून पळायला कुणी तयार नव्हतं.

शुक्रवारी मोटार दारात उभी राहिली. गल्ली जमा झाली. ताजबीने ओंजळभर खडीसाखर आणली. शहनाझने लग्नातला हिरवा दुपट्टा घेतला होता. त्या मोटारीला दार म्हणजे नावाला, गुडघ्याएवढं. ते ओलांडून ती आत बसली तर तिचं बूड जवळजवळ रस्त्याला टेकलं. शेजारून एक गाढव गेलं, त्याची मान तिच्या डोक्यापेक्षा उंच.

यूनुस स्टिअरिंगवर बसला. ते विलायती, उजव्या बाजूला. आणि दुबईत मधेच रस्त्याची बाजू बदलून टाकलेली, आता सगळी वाहनं उजवीकडून जातात. म्हणजे यूनुस रस्त्याच्या कडेला, आणि माझी मुलगी रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. हे माझ्या आत्ता, या क्षणी लक्षात आलं. शारजाच्या रस्त्यावर खडीचे ट्रक ईदलासुद्धा थांबत नाहीत.

ते यांच्याही लक्षात होतं. हे शहनाझच्या बाजूला येऊन वाकले.

"हे बघ बाय, पुढचा ट्रक ओलांडायचा असला की यूनुसला तिकडून समोरचं दिसणार नाही. तू मान काढून बघायचं. मोकळं असलं की म्हणायचं, यल्ला."

"आणि समोरून दुसरा येत असला तर?"

"तर म्हणायचं, आला."

"आणि तोवर आम्ही बाहेर निघालेलो असलो तर?"

"यूनुस परत आत घेईल."

"इन्शाल्ला," यूनुस म्हणाला.

"आत जागा नसली तर?"

यांनी लाल कवचावरची नसलेली धूळ बोटाने पुसली.

"आम्ही हळू जाऊ मामू," यूनुस म्हणाला.

"हळू गेलं की काय होत नाय," अजीज म्हणाला.

"टोपली मांडीवर घट्ट धर, कालवण सांडेल," मी म्हणाले. मी! माझी एकुलती एक मुलगी त्या फायबरच्या टोपलीत बसलीय आणि मला कालवणाची काळजी. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ताजबी खडीसाखरेची ओंजळ पुढे करून थांबली होती. गल्लीतली माणसं बघत होती. आता यांनी फक्त मोटारीला हात लावून बिस्मिल्ला म्हणायचं होतं.

"बाबा," शहनाझ म्हणाली. आवाज वर नाही, काही नाही. लहानपणी उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची तशी. "मी विचारतेय. आत जागा नसली तर काय?"

हे सरळ उभे राहिले. मोटारीच्या नाकाकडे बघितलं. मग अजीजकडे बघितलं, बराच वेळ. अजीजने मान खाली घातली. मग त्यांनी खाली वाकून शहनाझच्या मांडीवरची टोपली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तर तू मरशील, बाय," ते म्हणाले. "यूनुस पण मरेल. मी बांधलीय, मला माहीत आहे. उतर."